एक लुगडं आणि चार हात

प्रिय अन्वय आणि सई,

गेल्या रविवारी फोनवर तुम्ही दोघंही वैतागलेले होतात. घरासाठी जागा घेऊन झाली, आराखडा झाला, सईने स्वयंपाकघराची खिडकी कुठल्या दिशेला ठेवायची तेही ठरवलं, आणि आता तिथला इंजिनिअर म्हणतो की मागचा ओढा काठ खातो आहे. आधी काठ पक्का करा, एक वर्ष तो कसा राहतो ते बघा, मग पायाला हात लावा. "मातीसाठी वर्षभर थांबायचं का, आजी?" असं सईने विचारलं. मी 'हो' म्हटलं आणि तुमच्या जेवणाखाण्याची चौकशी करू लागले. एका 'हो'मध्ये मावणारं ते उत्तर नव्हतं, आणि फोनवर मला लांबण लावता येत नाही. म्हणून लिहायला बसले.

दुसरंही एक कारण आहे. यंदा पावसाने ओढ दिली आणि मांजरा आटली. मागच्या आठवड्यात गावी गेले होते, तेव्हा काठी टेकत टेकत पात्रात उतरले. तिथून वर बघितलं तर आपल्या काठाच्या पायथ्याचे दगड उघडे पडलेले दिसले. एरवी ते गाळात आणि पाण्यात असतात. मी त्यांना कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. त्यांतल्या एका मोठ्या दगडावर छिन्नीचे तीन टवके आहेत. तो दगड मी ओळखला. त्याच्यावर हात ठेवला तर उन्हाने चांगला तापलेला होता, आणि त्या तळहाताएवढ्या उबेतून एक अख्खा उन्हाळा परत आला.

तेव्हा लातूर जिल्हा नवा नवा होता. त्याआधी आम्ही उस्मानाबाद जिल्ह्यात मोडत असू. नव्या जिल्ह्याला माणसं हवी होती, म्हणून तुमच्या आजोबांची नांदेडच्या कचेरीतून लातूरला बदली झाली आणि मला मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवण्याची नोकरी मिळाली. दुकानांच्या पाट्यांवर खाली लिहिलेलं 'जि. उस्मानाबाद' रंगाने पुसून 'जि. लातूर' केलं होतं. पण रंग पातळ, त्यामुळे दुपारच्या उन्हात जुनी अक्षरं खालून वर येत. माझ्या वर्गातल्या मुली इंग्रजी पत्रलेखनात पत्त्याची शेवटची ओळ सवयीने जुनीच लिहीत, आणि मी तांबड्या शाईने ती दुरुस्त करत असे. दुरुस्त करायला मला आवडायचं. वही सरळ, समास सरळ, ओळी सरळ. तुमचा बाबा अजून त्यावरून मला चिडवतो.

जिल्हा नवा आणि पाऊस नाही, अशी ती वर्षं होती. लातुरात नळाला पाणी येण्याचा वार ठरलेला असे आणि त्या वारी शाळेत मुलींची हजेरी निम्मी होई. दर शनिवारी अर्धी शाळा सुटली की आम्ही देवणीची बस धरायचो. बसच्या खिडकीतून दिसायची ती भेगाळलेली काळी जमीन, मोकळे गोठे, आणि रस्त्याच्या कडेला दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या बायांच्या रांगा. देवणीची ती देखणी जनावरं, पांढऱ्या अंगावर काळे ठिपके आणि लांब लोंबते कान, सगळी चाऱ्याच्या छावणीत गेली होती. देवणीला उतरून पुढे गावापर्यंत चालत. गावाच्या शेवटी, नदीच्या वळणावर, पत्र्याच्या एका खोपीत माझ्या सासूबाई राहत. त्यांना सगळे अव्वा म्हणत. तुमच्या बाबाची ती आजी.

अव्वा तिथे का राहत, हे सांगायला हवं. दिरांच्या आणि आजोबांच्या वाटण्या झाल्या तेव्हा गावातलं घर थोरल्या दिरांकडे गेलं. आमच्या वाट्याला काय घ्यायचं हे अव्वांनी ठरवलं, आणि त्यांनी नदीकाठचा तुकडा मागून घेतला. त्यात पिकत काही नव्हतं. एक कडुनिंब होता आणि माझ्या सासऱ्यांची, म्हणजे अप्पांची समाधी होती. आपल्यात दहन करत नाहीत. माणसाला बसवून, विभूती लावून, स्वतःच्या जमिनीत ठेवतात. वर दगडी चौथरा, त्यावर पिंड, समोर बोटभर उंचीचा नंदी. अव्वा दर सोमवारी तिथे बेल वाहत. थोरल्या दिरांनी घरी या म्हणून किती वेळा सांगितलं, आम्ही लातूरला चला म्हणून सांगितलं. त्या म्हणत, "तुमी ऱ्हावा तुमच्या जिल्ह्याला. मी हाय हितं बरी." म्हणून आजोबांनी ठरवलं की त्याच तुकड्यावर दोन खोल्यांचं घर बांधायचं. अव्वांना पक्कं छप्पर मिळेल, आम्हाला सुटीत जायला जागा होईल.

आता लुगड्याची गोष्ट.

अव्वांकडे दोन इरकली लुगडी होती, काळपट हिरव्या अंगाची, तांबड्या काठाची. धुतलं की त्या ते वाळत घालत, पण दोरीवर नाही. एक टोक समाधीच्या चौथऱ्याला टेकवायचं आणि लुगडं नदीच्या दिशेने जमिनीवर सरळ पसरायचं, वर चार खडे ठेवायचे. मला ते मुळीच आवडत नसे. धुतलेलं लुगडं धुळीत कशासाठी? लग्नानंतर कितीतरी वर्षं मी मनातल्या मनात त्यांना अव्यवस्थित ठरवत आले. त्या हिवाळ्यात एकदा राहवलं नाही आणि मी नवी नायलॉनची दोरी घेऊन गेले, निंबाला बांधून दिली. त्यांनी ती कौतुकाने पाहिली, तिच्यावर मिरच्या वाळत घातल्या, आणि लुगडं पुन्हा जमिनीवर पसरलं.

मग त्या लुगड्याच्या टोकापाशी बसल्या आणि तिथून काठापर्यंत कोपरापासून बोटांपर्यंतचे हात टाकत गेल्या. एक, दोन, तीन. मी बघत उभी होते. आठ हातांवर जमीन संपली. पुढे सरळ तुटलेला कडा, दीड पुरुष खोल, आणि खाली कोरडी वाळू.

"अप्पांना ठिवलं तवा दोन लुगडी पुरी बसायची," त्या म्हणाल्या. "आता एक लुगडं आन आठ हात."

वर्षानुवर्षं त्या मोजत होत्या. दर पावसाळ्यानंतर नदी किती पुढे आली ते त्यांच्या अंगावरच्या वस्त्राला ठाऊक होतं, आणि आम्हा शिकलेल्यांना ठाऊक नव्हतं. आजोबांनी विषय हलका करायला म्हटलं, "अव्वा, सुती लुगडं धुऊन आटतं. माप चुकतं असल्यानं."

"नवं आटतंय," अव्वा म्हणाल्या. "हे धा वर्साचं हाय. आटायचं ते आटून झालंय. आता आटली ती जमीन."

त्या दिवशी मला कळलं की अव्वांना घर नकोच होतं. निदान आधी नको होतं. त्यांना काठ हवा होता. अप्पांचं ठिकाण पाण्यात जाऊ नये, एवढंच त्यांचं मागणं होतं, आणि ते त्यांनी कुणापुढे बोलून दाखवलं नव्हतं. फक्त लुगडं वाळत घालत राहिल्या होत्या.

यावर मी जे केलं ते तुम्हाला सांगताना अजून संकोच होतो. माझं माहेर नांदेडचं, गोदावरीच्या अगदी जवळ. पहाटे गुरुद्वाऱ्यातलं कीर्तन वाऱ्यावर यायचं आणि वडील आम्हाला घाटावर न्यायचे. माझ्या लेखी नदी म्हणजे दगडी पायऱ्या. पाणी वाढलं की पायऱ्या कमी दिसायच्या, उतरलं की जास्त. नदी पायऱ्या चढते आणि परत उतरते, तिची तेवढीच हद्द, असं मी लहानपणापासून धरून चालले होते. काठ मातीचा असतो, तो हलतो, हे मला कधी दिसलंच नव्हतं. त्यामुळे मी ठरवलं की इथेही दगडाची सरळ उभी भिंत घालायची, की झालं.

घराच्या परवानगीसाठी आजोबांनी लातूरहून आपल्या तुकड्याचा नकाशा आणला होता. कोरा करकरीत कागद, नव्या जिल्ह्याचा ठसठशीत शिक्का. मी तो जेवणाच्या ताटाएवढ्या जागेत उलगडून पट्टी लावून पाहिला. नकाशात आपली हद्द कडेच्या पुढे चांगली दहाबारा हात होती. मला फार आनंद झाला. म्हणजे नदीने खाल्लेली जमीन अजून आपली आहे, तर भिंत हद्दीवरच घालू आणि आत माती भरू! अव्वांना पुन्हा पुरती दोन लुगडी जमीन मिळवून द्यायची, असं माझ्या मनाने घेतलं. पात्र कोरडं होतं, वाळूत पाय रोवून उभं राहता येत होतं, सुतळी ताणून रेघ मारता येत होती. कोरड्या नदीत उभं राहिलं की ती जागा नदीची आहे हे खरंच वाटत नाही.

दगडाचं काम करायला गावातलाच इरण्णा आला. अंगाने काटकुळा, बोलायला तिखट, दगडाला हात लावण्याआधी त्याच्याभोवती दोन चकरा मारणारा. त्याने माझी सुतळी पाहिली, नकाशा पाहिला, वर कड्याकडे पाहिलं.

"मास्तरीणबाई, ह्या कागदाची वळख न्हाई बगा नदीला," तो म्हणाला.

"शिक्का आहे त्यावर," मी म्हटलं.

"हाव. शिक्का वल्ला झाला की पुसतोय."

आजोबा हसले, मी हसले नाही. भिंत पाया न खणता, वाळूवरच, सरळ उभी घातली. इरण्णाला उतरती हवी होती, मी ऐकलं नाही. उतरती भिंत मला वाकडी दिसायची. मागची पोकळी काळ्या मातीने भरली. होळीच्या सुमाराला काम पुरं झालं आणि मी काठावर उभी राहून ती रेघ डोळे भरून पाहिली. अव्वांनी त्या नव्या भरावावर लुगडं काही पसरलं नाही. त्या जुन्या कड्याशी थांबल्या आणि परत फिरल्या. मला ते लागलं.

चैत्र संपता संपता एका दुपारी वळीव आला. जेमतेम घटकाभर. दुष्काळात एवढं पाणी पाहून गावातली माणसं घराबाहेर येऊन उभी राहिली. नदीत थेंबभरही पाणी वाहिलं नाही. आणि तरीही भिंत गेली. आम्ही खोपीच्या दारातून पाहत होतो. गावाकडच्या उतारावरून पाण्याचा एक तांबूस लोट आला, आपल्या तुकड्यावरून वाहत काठाशी पोचला, भरावाच्या भेगांमध्ये शिरून दिसेनासा झाला. थोड्या वेळाने भिंतीचं पोट फुगलं. मग ती पुढे झुकली आणि कोरड्या पात्रात आडवी पडली. फार आवाजही झाला नाही. नदीला अडवायला घातलेली भिंत नदी येण्याआधीच पाठीमागून पडली.

इरण्णा दुसऱ्या दिवशी येऊन दगडांवर बसला. मला वाटलं टोमणा मारील. त्याने मारला नाही, ते जास्त जड गेलं. त्याने समजावलं ते असं: काठ दोन बाजूंनी जातो. नदी खालून पायथा पोखरते आणि गावाचं पाणी वरून येऊन त्यात भेग पाडतं. काळी माती पाणी प्याली की फुगते, वाळली की फाटते. तिला उभ्या भिंतीत कोंडलं की ती भिंतच ढकलते. तिला उतरतं निजवायचं, पायथ्याला मोठे दगड पुरायचे, वर मुळं धरतील असं काही लावायचं, आणि गावाचं पाणी वरच्या वर चर खणून बाजूला काढायचं. मग नदी येईल, अंगावरून जाईल, आणि जाईल तशी जाऊ द्यायची.

त्या संध्याकाळी मी नकाशा पुन्हा उलगडला. खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलं होतं की हा नकाशा जुन्या मोजणीवरून उतरवला आहे. म्हणजे निजामाच्या वेळची नदी कागदावर होती. नकाशा खोटं बोलत नव्हता. मुलींच्या वहीतला प्रत्येक काना तपासणारी मी, मी तळटीप वाचली नव्हती. शिक्का नवा म्हणून आतली नदीही नवी असेल, असं आम्ही धरून चाललो होतो.

सगळ्यात अवघड गोष्ट अजून पुढे होती. कडा उतरता करायचा म्हणजे वरून माती कापायची. इरण्णाने काठाच्या आतल्या बाजूला, समाधीकडे, चार हातांवर पहारीने रेघ ओढली. म्हणाला, इतकं कापून खाली ओढल्याशिवाय उतार बसणार नाही. आठातले चार हात आपल्याच हाताने द्यायचे. ज्या बाईने वर्षानुवर्षं एकेक हात मोजून जपला, तिला हे कोण सांगणार? आजोबा निंबाखाली जाऊन उभे राहिले. शेवटी इरण्णानेच सांगितलं, तेही रेघेकडे बघत.

अव्वा खोपीकडे वळल्या. आत गेल्या, लुगडं आणलं, पसरलं, टोकापासून रेघेपर्यंत चार हात मोजले. मग समाधीपाशी जाऊन बसल्या. ऊन निंबाच्या या बाजूने त्या बाजूला गेलं. मला वाटलं, आता 'नको' म्हणतील, आणि म्हणाल्या असत्या तर त्यांना चूक म्हणायचं तोंड माझ्याकडे उरलं नव्हतं. त्या उठल्या, पदर खोचला, इरण्णाच्या हातातली कुदळ घेतली आणि रेघेवर पहिला घाव स्वतः घातला.

"अव्वा, मी करतो ना," आजोबा धावत आले.

"नदी न्हेती तवा रडू येतंय, शिवा," त्या म्हणाल्या. "आपुन दिल्यालं तसं लागत न्हाई. बग, कुठं रडायले मी?"

त्या रडत नव्हत्या हे खरं आहे. आम्ही दोघं रडत होतो.

मग तो उन्हाळा सुरू झाला, ज्याची मला अजून आठवण येते. शाळेला सुटी लागली आणि मी दोन महिने गावी राहिले, लग्नानंतर पहिल्यांदाच एवढे दिवस. सकाळी ऊन चढायच्या आत माती कापायची, खाली ओढायची, घमेल्याने थापायची. पडलेल्या भिंतीचेच दगड पायथ्याशी कामी आले. वाळू उपसून कंबरभर चर खणला, त्यात मोठे धोंडे बसवले, अर्धे जमिनीत, अर्धे वर. एक धोंडा इरण्णाने मला दिला आणि म्हणाला, तुमचं नाव काढा याच्यावर. मला छिन्नी धरता येईना. तीन घाव घातले, तीन टवके उडाले, अंगठा सुजला. "मास्तरीणबाईंनी सही केली बगा," म्हणून तो दिवसभर येणाऱ्याजाणाऱ्याला तो दगड दाखवत होता. तोच तो दगड.

पाणी म्हणजे पात्रातला झिरा. वाळूत हातभर खणायचं आणि तळाशी पाझर जमायची वाट बघायची. वाटीने भरून घागर व्हायला चांगला तास जाई. बाया रांगेने झिऱ्यांपाशी बसलेल्या असत, आणि त्या बसण्यात गावातली सगळी खबर कळे. लातूरच्या नळापाशी भांडणं होत. इथे नुसत्या गप्पा. वाटी वाळूला घासल्याचा तो खर्र आवाज, ओल्या वाळूचा वास, मानेवर तापणारं ऊन, आणि कुणीतरी कुणाच्या तरी सुनेची काढलेली खोड. मला माझ्या इंग्रजीपेक्षा त्या दोन महिन्यांत तिथलं बोलणं जास्त येऊ लागलं.

मुळं धरण्यासाठी अव्वांनी वाळा निवडला. तोच, उन्हाळ्यात माठात टाकतात तो. वरच्या अंगाला एका विहिरीच्या ओलीला त्याची जुनी बेटं अजून जीव धरून होती. पहिला मृगाचा शिंतोडा पडल्यावर ती फोडून आणली आणि उतारावर आडव्या ओळींत लावली. मी ओळी सुतळीने सरळ आखल्या. एवढं मात्र इरण्णाने मला करू दिलं. म्हणाला, इथं सरळ चालतंय. शिंतोड्यानंतर पाऊस पुन्हा गेला आणि वाळा पिवळा पडू लागला. पिण्यापुरतंच पाणी, रोपांना कुठून आणायचं? अव्वांनी युक्ती काढली. त्या दिवसापासून आम्ही भांडी उताराच्या वरच्या कडेला घासू लागलो, तोंड तिथेच धुतलं, तांदूळ तिथेच धुतले, आणि आडोसा लावून अंघोळीही तिथेच. वापरलेलं सगळं पाणी ओळीओळीने खाली उतरायचं. झिऱ्यावरच्या बायांना हसायला चांगलंच मिळालं. मास्तरीण गवताला अंघोळ घालते, म्हणत. पण त्यांच्यातल्या दोघी संध्याकाळी जाताना आपल्या घागरीतला तळ आमच्या वाळ्यावर ओतून जात, आणि तेव्हा हसत नसत.

आणि घर? आजोबांना दिवाळीत पाया खणायचा होता. विटा सांगून झाल्या होत्या. अव्वा म्हणाल्या, "काठानं एक पूर बगू दे. मंग घर." आजोबांनी कधी नव्हे तो आवाज चढवला, नदी कोरडी आहे, पूर कधी येणार? आता मला वाटतं, सई, तुझा रविवारचा आवाज अगदी आजोबांसारखा होता.

पूर भाद्रपदात आला. पाऊस इथे रात्री जेमतेम पडला होता, जोराचा वरच्या अंगाला कुठेतरी झाला होता. सकाळी आठच्या सुमाराला पात्रातून एक घरघर ऐकू आली आणि वळणावरून फेसाळ, मातकट पाणी आलं. दुपारपर्यंत पायथ्याचे दगड दिसेनासे झाले, मग वाळ्याची पहिली ओळ, मग दुसरी. आम्ही चौघं, इरण्णासुद्धा, समाधीच्या चौथऱ्याला टेकून उभे होतो. पलीकडच्या तीरावर कडा ढासळल्याचा धप्प आवाज यायचा आणि प्रत्येक आवाजाला अव्वांचा हात माझ्या मनगटावर घट्ट व्हायचा. वाळा पाण्याखाली आडवा झाला होता. केसांतून फणी फिरावी तसं पाणी त्यातून जात होतं. तिसऱ्या ओळीपर्यंत येऊन पाणी थांबलं. काठाच्या वर खणलेल्या चरातून वळवलेलं गावाचं पाणी बाजूने निमूटपणे उतरत होतं. दुसऱ्या दिवशी पूर ओसरला तेव्हा उतारावर बोटभर गाळ बसलेला होता. नदी घ्यायला आली होती आणि थोडं ठेवून गेली होती. चारदोन दिवसांत आडवा झालेला वाळा उठून उभा राहिला.

अव्वांनी लुगडं धुतलं, पसरलं. एक लुगडं आणि चार हात. त्यांनी दोनदा मोजलं. मग पहिल्यांदाच ते लुगडं उचलून माझ्या नायलॉनच्या दोरीवर वाळत टाकलं, आणि आजोबांना म्हणाल्या, "सांग विटावाल्याला. पर घर निंबाच्या अलीकडं बांध, पलीकडं नगं."

निंबाच्या अलीकडे दोन खोल्या झाल्या. तुमचा बाबा त्या खोल्यांच्या ओसरीत रांगला, पुढे त्याच उतारावरून घसरगुंडी करताना त्याने दात पाडला. अव्वा तिथे पुष्कळ वर्षं राहिल्या आणि आता अप्पांच्या शेजारी आहेत. तुम्ही दोघं लहान असताना एकदा आला होतात. सईने नंदीच्या डोक्यावर चॉकलेट ठेवलं होतं, अन्वयने ते उचलून खाल्लं.

सगळंच टिकलं असं मी म्हणणार नाही. आजोबांचं दुखणं निघालं आणि लातूरहून आमचं गावी जाणंयेणं थांबलं. रिकाम्या घराचं छप्पर वाऱ्याने उचललं, एक भिंत पडली, आता तिथे थोरल्या दिरांचा नातू कडबा रचतो. आजोबा गेले. इरण्णाही गेला. बेत घराचा होता. काठ हे घराआधीचं काम म्हणून हाती घेतलं होतं. घर जेवढं चाललं तेवढं चाललं. मांजरेला पुढे मोठमोठे पूर येऊन गेले, पलीकडच्या तीरावरची दोन शेतं गेली.

मागच्या आठवड्यात गावी जाताना मी ट्रंकेतून अव्वांचं एक लुगडं बरोबर नेलं होतं. विरलं आहे, घडीवर बोट ठेवलं तर आरपार दिसतं, पण काठ अजून तांबडा आहे. एक टोक मी चौथऱ्याला टेकवलं, दुसरं इरण्णाच्या सुनेने धरलं आणि नदीच्या दिशेने नेलं. मला खाली बसायला वेळ लागला. टोकापासून मी हात टाकले. चार भरले आणि वर वीतभर जमीन उरली, कारण अव्वांचा हात माझ्यापेक्षा लांब होता. पुढे वाळ्याच्या ओळी आहेत, आता दाट झाल्यामुळे फारशा सरळ राहिलेल्या नाहीत. खाली पायथ्याचे दगड आहेत. दोन्ही समाध्या कोरड्या आहेत. काठ होता तिथेच आहे.

तुमची,
आजी